वाडा कोणाच्या नावावर जातो यापेक्षा आदेशात काय लिहिलं जातं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुन्या नाशकात तुमच्या गल्लीच्या तोंडाशी सरकारी मालकीचा एक वाडा आहे. वडीलधारी माणसं तो दीडशे वर्षांचा सांगतात. पूर्वी त्यात कचेरी होती, ती कधीच हलली. आता पुढच्या सोप्यात वाचनालय भरतं, मागच्या चौकात तालीम आहे आणि बाकीच्या खोल्यांना कुलूप. हा वाडा जिल्हाधिकाऱ्यांकडून महापालिकेकडे जाणार असं कळलंय. २०२७च्या सिंहस्थाआधी तो पाडून वाहनतळ करणार अशी कुजबुज आहे. गल्लीत दोन तट पडलेत आणि तुम्ही विचारलंय, की हे हस्तांतरण थांबवायचं कसं?

जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करत मला नाशकात आणि जिल्ह्यात सव्वीस वर्षं झाली. सरकारी वाडे, देवस्थानं, धर्मशाळा, एकदोन गढ्याही पाहिल्या. त्यावरून सांगते: हस्तांतरण थांबवण्याच्या मागे लागू नका. निदान पहिला जोर तिथं लावू नका.

सरकारी वाडा एका खात्याकडून दुसऱ्याकडे गेला म्हणून पडत नाही. तो पडतो दोन कारणांनी. एक, जुन्या खात्यानं सोडला आणि नव्यानं धरला नाही अशा मधल्या काळात. आणि दोन, हस्तांतरणाच्या आदेशात इमारतीबद्दल एक अक्षरही नसतं तेव्हा. आदेशात बहुतेक वेळा जमिनीचंच वर्णन असतं: सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, प्रयोजन. वर उभा असलेला वाडा कागदावर नसतोच. मग पुढचा अधिकारी तो मोकळा भूखंड समजून वागतो, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण त्याच्या हातातला कागद तेच सांगतो.

हे मी फार जवळून पाहिलंय. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जुनी कचेरी होती. दगडी जोतं, सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं. ती महसूलकडून एका स्थानिक संस्थेला द्यायचं ठरलं. गावात आनंदीआनंद, आता संग्रहालय होणार म्हणून. जुन्या कार्यालयानं चौकीदार काढून घेतला. नव्या संस्थेनं ताबा घेतला नाही, कारण मोजणी व्हायची होती. मोजणी रखडली. अशी चार वर्षं गेली. पहिल्या वर्षी दारं गेली, दुसऱ्या वर्षी कौलं. कौलं गेल्यावर दोन पावसाळ्यांत माळवदाची माती भिजून खाली आली आणि तुळयांची टोकं कुजली. पाचव्या वर्षी मला तिथं बोलावलं ते इमारत धोकादायक आहे का हे सांगायला. तोवर ती खरंच धोकादायक झाली होती. त्या दिवशी तिथून परत येताना मी ठरवलं, की यापुढे कोणीही विचारलं तर आधी मधल्या काळाबद्दल बोलायचं.

आता तुमच्या वाड्याकडे येऊ. काही गोष्टी कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाहीत, त्या आधी मांडते.

सगळ्यात आधी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. ‘सरकारी आहे’ हे गल्लीत सगळे म्हणतात, पण पत्रिकेवर धारक म्हणून कोण आहे आणि सत्ता प्रकार (जमीन कोणत्या हक्कानं धारण केली आहे) काय, ते डोळ्यांनी पाहा. नुसतं ‘महाराष्ट्र शासन’ असेल तर जमीन महसूलची आणि इमारतीची देखभाल सार्वजनिक बांधकामकडे, असं असू शकतं. म्हणजे दोन खात्यांच्या दोन फायली. पंचवटीत आणि जुन्या गावठाणात असंही निघतं, की मूळ जागा एखाद्या देवस्थानाची किंवा धर्मादाय न्यासाची आणि सरकार फक्त भाडेकरू. तसं असेल तर सगळा खेळच बदलतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मिळकत विकायची, किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यावर द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ही शक्यता कमी वाटली तरी तपासा. पत्रिकेवरचे जुने फेरफारही वाचा. खरी गोष्ट पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या नोंदीत दडलेली असते.

दुसरी गोष्ट संरक्षणाची. ‘हेरिटेज’ हा शब्द लोक सरसकट वापरतात, पण त्याचे तीन वेगळे अर्थ होतात. पांडवलेणी केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथं १९५८चा केंद्रीय कायदा लागतो आणि २०१०च्या दुरुस्तीनंतर भोवतालचे १०० मीटर बांधकामाला बंद, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. सराफ बाजारातला सरकारवाडा राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे, म्हणजे १९६०चा राज्याचा कायदा. भगूरचा सावरकर वाडाही राज्य संरक्षित. तिसरा प्रकार म्हणजे महापालिकेच्या पातळीवरची वारसा यादी आणि तिच्यातल्या श्रेणी. ही नगररचनेच्या नियमांतून येते, पुरातत्त्वाच्या कायद्यातून नाही. तुमचा वाडा या तिन्हींपैकी कशातही नसण्याची शक्यता जास्त, कारण जुन्या नाशकातले बहुतेक वाडे कुठल्याच यादीत नाहीत. पण विचारायचं लेखी आणि उत्तर घ्यायचं लेखी.

इथं शेजाऱ्यांच्या भीतीबद्दल बोलायला हवं, कारण तुमच्या गल्लीतला दुसरा तट बहुधा या भीतीतूनच उभा राहिलाय. वाडा ‘हेरिटेज’ झाला की आपलं घर बांधता येणार नाही, अशी ही भीती. वर सांगितलेला १०० मीटरचा नियम केंद्रीय संरक्षित स्मारकांचा. महापालिकेच्या वारसा यादीत एखादी इमारत गेली म्हणून शेजारच्या घराभोवती असं कुंपण पडत नाही. राज्य संरक्षित करायची मागणी असेल तर भोवतालच्या बांधकामाचं काय होईल, हे पुरातत्त्व विभागाला आधीच पत्रानं विचारा आणि ते उत्तर गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवा. मी पाहिलेल्या चार-पाच भांडणांत या एका पत्रानं निम्मा विरोध विरघळला.

राज्य संरक्षणाची मागणी जरूर करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. त्यात प्राथमिक अधिसूचना, हरकती, मग अंतिम अधिसूचना असा प्रवास असतो आणि त्याला वेळ लागतो. संरक्षित झाल्यावरही काम सावकाशच चालतं. १७५६चं सुंदरनारायण मंदिर राज्य संरक्षित आहे, तरी त्याचं जतनकाम किती वर्षं चाललं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. झिजलेला एकेक दगड उतरवून त्याच्या मापाचा नवा घडवायचा, तर घाई करताही येत नाही. तुमच्या वाड्याला तेवढा वेळ आहे का, हे त्याच्या छपरावर ठरेल.

आता मुद्द्याचं. हस्तांतरणाचा आदेश निघायच्या आधी, तो कसा असावा यावर निवेदन द्या. ‘वाडा वाचवा’ असं मोघम लिहू नका. आदेशात घालायची वाक्यंच लिहून द्या. अधिकाऱ्याला तयार वाक्य मिळालं की ते टिप्पणीत उतरण्याची शक्यता कितीतरी वाढते. मी सहसा ज्या वाक्यांचा आग्रह धरते ती सांगते.

पहिलं, जमिनीच्या वर्णनासोबत इमारतीचं वर्णन: इतके चौक, इतके मजले, सागवानी खांब-तुळयांची चौकट, दगडी जोतं, आणि सोबत मोजमापाचे नकाशे व छायाचित्रं परिशिष्ट म्हणून. दुसरं, मूळ वास्तू कायम ठेवून जतन-दुरुस्ती करण्याच्या अटीवर हस्तांतरण. सरकारी जमीन द्यायची तर प्रयोजन आणि अटी-शर्ती लिहूनच दिली जाते. अट मोडली तर शर्तभंग होतो आणि जमीन परत सरकारजमा करता येते. तिसरं, प्रत्यक्ष ताब्याची तारीख, आणि त्या तारखेपर्यंत राखण व छपराची देखभाल जुन्याच खात्याकडे. माझ्या मते हे तिसरं सगळ्यात मोलाचं, आणि नेमकं तेच कोणी मागत नाही. ‘आगाऊ ताबा’ देऊन टाकायची पद्धत आहे, तीही चालेल, पण ताबा पावतीवर कौलं, दारं, खांब यांची यादी हवी.

चौथं वाक्य वाचनालय आणि तालमीसाठी. यात चूक झाली तर भरून येत नाही. आदेशात ‘अतिक्रमणमुक्त रिकामा ताबा’ असे शब्द आले, की साठ वर्षं तिथं असलेली तालीम एका ओळीत अतिक्रमण ठरते. म्हणून दोन्ही संस्थांनी आपले कागद आत्ताच गोळा करावेत: जुना भाडेपट्टा, भाड्याच्या पावत्या, वीजबिल, खात्याशी झालेला पत्रव्यवहार. पट्ट्याची मुदत संपलेली असेल तर ते लपवू नका, नूतनीकरणाचा अर्ज करा. आदेशात ‘विद्यमान वापरासह’ असा उल्लेख मागा. तालमीचे तरुण मुलगे वाड्यात रोज पहाटे येतात, लाल माती उकरतात, कुठं गळतंय ते त्यांना पहिल्यांदा कळतं. राबता असलेल्या वाड्याची दारं चोरीला जात नाहीत. जतनाच्या दृष्टीनं तालीम ही त्या वाड्याची सगळ्यात मोठी राखण आहे आणि हे मी निवेदनात अगदी याच शब्दांत लिहीन.

आता दोन शब्द असे, जे फायलीत दिसले की लगेच धावायचं. एक ‘निर्लेखन’, दुसरा ‘धोकादायक’.

निर्लेखन म्हणजे सरकारी इमारत निरुपयोगी ठरवून दप्तरातून कमी करणं. ते झालं की इमारतीची किंमत उरते ती तिच्या सागवानाची आणि दगडाची. पाडायचा निर्णय पुष्कळदा इथंच होऊन गेलेला असतो. गावाला तो जेसीबी आल्यावर कळतो. त्यामुळे बांधकाम विभागाकडे निर्लेखनाचा प्रस्ताव गेलाय का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा.

धोकादायकची गोष्ट जास्त नाजूक आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारत उतरवायची नोटीस देता येते. दर पावसाळ्याआधी जुन्या नाशकातल्या वाड्यांना अशा नोटिसा जातात आणि वाडे खरोखर पडतातही, माणसं जखमी होतात. त्यामुळे ‘नोटीस म्हणजे कट’ असं म्हणू नका. पण तपासणी कोणी, कशी केली हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. काँक्रीटची ताकद ज्या हातोडीच्या यंत्रानं मोजतात, ते चुन्याच्या भिंतीवर मारून काही कळत नाही. वाड्याचा भार प्रामुख्यानं लाकडी चौकटीवर असतो. मधली विटांची भिंत फुगलेली दिसली तरी चौकट ओळंब्यात असेल तर वाडा उभा राहतो. उलट भिंत वरून गुळगुळीत आणि आत तुळईचं टोक कुजलेलं, हा खरा धोका. म्हणून तपासणाऱ्यानं तुळयांची भिंतीत गेलेली टोकं उघडून पाहिली का, खांबांचे बुंधे टोचून पाहिले का, पन्हळी आणि जोत्यालगतची गटारं पाहिली का, हे विचारा. भिंतींवर मागे कधी सिमेंटचा गिलावा केला असेल तर तो नोंदवून घ्या. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं, आणि मग आतलं लाकूड कुजतं. दुरुस्तीच्या नावाखाली वाडा मारण्याचा हा सगळ्यात सामान्य प्रकार. धोकादायक भाग असेल तर तेवढ्याला टेकू द्या, तेवढा भाग बंद करा, अशी मागणी करा. एक खण कुजला म्हणून अख्खा वाडा उतरवायचं कारण नाही.

कागद मिळवायचे ते माहितीच्या अधिकारातून. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, म्हणून जिल्हाधिकारी कार्यालय, बांधकाम विभाग आणि महापालिका यांना वेगवेगळे अर्ज करा. मिळकतीचा सिटी सर्व्हे नंबर घालून हस्तांतरणाचा प्रस्ताव, त्यावरच्या टिप्पण्या, निर्लेखनाचा प्रस्ताव आणि संरचना तपासणीचा अहवाल मागा. ‘अभिलेखाची पाहणी करायची आहे’ हे वाक्य विसरू नका. समोर बसून फाईल उलटताना जे सापडतं ते झेरॉक्समध्ये येत नाही. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, त्यामुळे उद्याच टाका. महापालिकेकडे विकास आराखड्यात या जागेवर काय दाखवलंय तेही पाहा. आरक्षण वाहनतळाचं नसेल आणि ते बदलायचं असेल, तर प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम ३७ प्रमाणे सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. आणि नदी जवळ असेल तर पूररेषा बघा. २००८ आणि २०१६चा पूर सराफ बाजारात शिरला होता. निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीलगतच्या वारंवार पुराखाली जाणाऱ्या पट्ट्याच्या हद्दीच्या, आत नव्या बांधकामावर कडक बंधनं आहेत. पाडून पुन्हा काही बांधू असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब केलेला नसतो.

आता दुसऱ्या तटाबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘त्यांना इतिहासाची किंमत नाही.’ हे मला पटत नाही. जुन्या नाशकाच्या गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही, अग्निशमनाचा बंब दहीपुलाच्या पुढे सरकत नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून मेनरोडपर्यंत न्यावं लागतं. हे सोसणारा माणूस वाहनतळ मागतो तेव्हा तो खरीच अडचण सांगत असतो. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा मापं घेऊन बसा. एक चारचाकी उभी करायला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा, आणि आत-बाहेर वळायची वाट धरून साधारण २५ चौरस मीटर लागतात. तुमचा वाडा ६०० चौरस मीटरचा असेल तर पुरता जमीनदोस्त करूनही २०-२४ गाड्या. गल्लीत गाड्या किती आहेत ते तुम्हीच मोजा. याउलट मागचा पडका गोठा, नंतर जोडलेली पत्र्याची शेड काढली तर दुचाकींना जागा होते आणि बंब वळायला कोपरा मिळतो. वाड्याच्या कोणत्या भागाला हात लावायला हरकत नाही हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत, तर बोलणं सुरू होईल. सगळंच पवित्र आहे म्हणालात तर काहीच वाचणार नाही.

राहण्याचा प्रश्न तुमच्या वाड्यात नाही, ही मोठी सुटका समजा. गोदाकाठची जुनी मातीची गढी बघा. १९५०-५१ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी नाशिकच्या या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, उत्खनन केलं, नाशिकचा इतिहास ताम्रपाषाण काळापर्यंत मागे नेला. त्याच गढीवर कुटुंबं राहतात, दर पावसाळ्यात कडा ढासळतात, स्थलांतराच्या नोटिसा निघतात. तिथं माणसांचा निवारा आणि मातीतला इतिहास एकाच कड्यावर उभे आहेत आणि कुठल्याही एका खात्याच्या फायलीत तो प्रश्न मावत नाही. तुमच्याकडे तसं नाही. तुमच्याकडे एक मालक सरकार आहे, एक घेणारी महापालिका आहे आणि वापरणारे लोक तुमच्याच ओळखीचे आहेत.

कोर्टाबद्दल विचारलंत. जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात, आणि ती शेवटचा उपाय म्हणून ठेवा. दिवाणी दावा करायचा तर सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८०ची दोन महिन्यांची आणि महापालिकेला महापालिका अधिनियमाच्या कलम ४८७ची एक महिन्याची नोटीस लागते. तातडी असेल तर त्यातून वाट काढता येते, ते तुमचे वकील सांगतील. माझा अनुभव एवढाच, की न्यायालयात इमारतीचे नकाशे, तारखेसह छायाचित्रं आणि तुम्ही आधी दिलेली लेखी निवेदनं यांना फार वजन असतं. ती नसतील तर ‘ऐतिहासिक वाडा’ हे फक्त तुमचं म्हणणं राहतं. आणि ‘जैसे थे’चा आदेश मिळाला तर तो दुरुस्तीलाही लागू होऊ शकतो. छप्पर गळत असताना जैसे थे म्हणजे हळूहळू पाडणंच. वकिलांना सांगून तातडीच्या देखभालीची मुभा त्यात मागून घ्या.

क्रम विचाराल तर असा: या आठवड्यात मिळकत पत्रिका आणि माहितीचे अर्ज. त्याच वेळी वाड्याची नोंद. आर्किटेक्चरचे विद्यार्थी मोजमापाच्या सरावाला अशी वास्तू शोधतच असतात, नाशकातल्या एखाद्या महाविद्यालयाला पत्र द्या, दोन-तीन दिवसांत नकाशे होतील. मग गल्लीची बैठक, दोन्ही तटांची, शक्यतो तालमीतच. त्यानंतर आदेशातल्या वाक्यांचं निवेदन जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त दोघांना, पोच घेऊन.

आणि एक काम असं, ज्याला ठराव लागत नाही. सध्या ज्यांच्या ताब्यात वाडा आहे त्या कार्यालयाला पत्र देऊन, परवानगी घेऊन, पन्हळी साफ करा, फुटलेली कौलं बदला, भिंतीतून उगवलेला पिंपळ बारीक आहे तोवर मुळासकट काढा. तालमीची चार मुलं आणि एक जाणता सुतार असेल तर रविवारच्या एका दिवसात होतं. मिळकत पत्रिका हातात आली की धारकाच्या रकान्यात नेमकं काय लिहिलंय ते इथं टाका, पुढचं त्यावरून सांगते.